चिन्ह, यादी आणि पूल
अमेरिकेतील मताधिकाराचा लढा पडद्यावर कसा सांगितला गेला?

‘पँथर’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून आले, हे आपल्याकडे साहित्याच्या आणि चळवळीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ब्लॅक पँथर म्हटले की डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियातले ऑकलंड शहर येते, काळी जाकिटे येतात, खांद्यावरच्या बंदुका येतात. पण ऑकलंडमध्ये ऑक्टोबर 1966 मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला, त्याच्या आधीच हा काळा पँथर एका कागदावर छापला गेला होता. तो कागद म्हणजे अलाबामा राज्यातल्या लाउंड्स नावाच्या एका गरीब, शेतीप्रधान काउंटीतली मतपत्रिका. पँथर मुळात एक निवडणूक चिन्ह होते. अक्षरओळख नसलेल्या मतदाराला आपला पक्ष ओळखता यावा म्हणून ते काढले होते.

हे चिन्ह आपल्यापर्यंत पोहोचले, त्यामागची मतदारयादी मात्र पोहोचली नाही. असे का झाले, या प्रश्नाने मला अमेरिकेतल्या मताधिकाराच्या लढ्यावरच्या चित्रकृतींकडे नेले. या लेखात त्यांपैकी चार विचारात घेतल्या आहेत : हेन्री हॅम्प्टन यांच्या ब्लॅकसाइड या संस्थेची ‘आइज ऑन द प्राइझ’ ही माहितीपट-मालिका (1987 आणि 1990), एव्हा डूव्हर्ने यांचा ‘सेल्मा’ हा कथापट (2014), लिझ गार्बस आणि लिसा कोर्तेस यांचा ‘ऑल इन : द फाइट फॉर डेमोक्रसी’ हा माहितीपट (2020) आणि सॅम पोलार्ड व भारतीय वंशाच्या गीता गंधभीर यांचा ‘लाउंड्स काउंटी अँड द रोड टू ब्लॅक पॉवर’ (2022). चारही कलाकृती प्रामाणिक आहेत आणि चारही पाहाव्यात अशा आहेत. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो आहे : चळवळीत ‘काम’ नेमके कशाला म्हणायचे?

नोंदणीची खिडकी

आधी यंत्रणा समजून घेऊ. आपल्याकडे मतदारयादी तयार करणे हे सरकारचे काम मानले जाते. यादीत घोळ असतात, नावे गळतात, पण यादी करायची कोणी याबद्दल वाद नसतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नागरिकाने स्वतः जाऊन आपले नाव नोंदवायचे असते, आणि निवडणुकीचा कारभार राज्ये व काउंट्या यांच्या हाती असतो. दक्षिणेतल्या राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच खिडकीवर पहारा बसवला. काळ्या माणसाला मत नाही असे कायद्यात कोठेच लिहिलेले नव्हते. राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती 1870 सालीच झालेली असल्यामुळे तसे लिहिताही येत नव्हते. मग वाटा शोधल्या गेल्या. मतदानासाठी डोईपट्टी भरा. साक्षरतेची परीक्षा द्या. मिसिसिपीत राज्याच्या घटनेतले एक कलम वाचून त्याचा अर्थ नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल असा लिहून दाखवा. हे समाधान कोणाचे व्हायचे आणि कोणाचे नाही, हे त्या अधिकाऱ्याच्याच हाती. अलाबामातल्या डॅलस काउंटीत, म्हणजे सेल्मा शहर जिथे आहे तिथे, नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोन दिवस उघडत असे. अर्ज केलेल्याचे नाव मालकाला कळत असे आणि दुसऱ्या दिवशी नोकरी किंवा राहते घर जात असे. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतली शेतमजूर बाई 31 ऑगस्ट 1962 रोजी सतरा जणांबरोबर बसने इंडियानोलाला नाव नोंदवायला गेली. ती घरी पोहोचेपर्यंत मालकाला बातमी लागली होती, आणि अठरा वर्षे जिथे राबली त्या मळ्यावरून तिला निघावे लागले.

अशा खिडकीपुढे भाषणाचा उपयोग मर्यादित असतो. तिथे लागते ती वेगळीच चिकाटी. साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर जानेवारी 1957 मध्ये पहिली ‘नागरिकत्व शाळा’ भरली. पुढच्या बाजूला दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांच्या नजरेत येऊ नये. शिकवणारी बर्निस रॉबिन्सन ही व्यवसायाने केशरचनाकार होती, शिक्षिका नव्हती. कल्पना सेप्टिमा क्लार्क आणि इसॉ जेन्किन्स यांची. नागरी हक्कांच्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून क्लार्कबाईंची शिक्षिकेची नोकरी 1956 मध्येच गेली होती. जेन्किन्स बस चालवत आणि प्रवासातच उतारूंना घटनेतली वाक्ये शिकवत. पुढे अशा शाळा दक्षिणेत ठिकठिकाणी निघाल्या. माझ्या लेखी मताधिकाराच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे दृश्य या मागच्या खोलीतले आहे. ते चित्रित करणे अवघड आहे, कारण तिथे काही ‘घडत’ नाही. चाळिशी-पन्नाशीची माणसे आपली सही गिरवत बसलेली असतात.

सेल्मा : तीन आठवडे आणि दोन वर्षे

डूव्हर्ने यांच्या ‘सेल्मा’त ही खिडकी एकदा, आणि फार प्रभावीपणे, दिसते. अ‍ॅनी ली कूपर (भूमिकेत ऑप्रा विन्फ्री) अर्ज घेऊन उभी आहे. अधिकारी तिला घटनेची उद्देशिका म्हणायला सांगतो, ती म्हणते. अलाबामात काउंटी न्यायाधीश किती, असे विचारतो. सदुसष्ट, ती सांगते. मग तो म्हणतो, त्यांची नावे सांग. अर्जावर नकाराचा शिक्का बसतो. मताधिकार नाकारण्याची सगळी कार्यपद्धती या एका छोट्या प्रसंगात आली आहे. संपूर्ण चित्रपटात मला हा प्रसंग सर्वश्रेष्ठ वाटतो.

पण यानंतर चित्रपट खिडकी सोडतो आणि पुलाकडे निघतो. मार्टिन ल्यूथर किंग सेल्मात येतात, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी त्यांची रस्सीखेच होते, 7 मार्च 1965 रोजी एडमंड पेटस पुलावर घोडेस्वार पोलीस सुमारे 600 मोर्चेकऱ्यांवर तुटून पडतात, अखेरीस मोर्चा माँटगोमेरीला पोहोचतो. चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत वाद झाला तो जॉन्सन यांच्या चित्रणावरून. त्यांना अडथळा म्हणून का दाखवले, असे त्यांचे जुने सहकारी जोसेफ कॅलिफानो यांनी जाहीरपणे विचारले. या वादात मला फारसे स्वारस्य नाही. किंग की जॉन्सन, श्रेय कोणाचे, असे विचारले की इतिहास दोन पुरुषांमधला संवाद होऊन बसतो आणि तिसऱ्या कोणाची गरजच उरत नाही.

माझा आक्षेप कालरेषेबद्दल आहे. सेल्मातले काम किंग आल्यावर, म्हणजे जानेवारी 1965 मध्ये, सुरू झाले नाही. अमेलिया बॉइंटन आणि त्यांचे पती सॅम हे त्याआधी अनेक वर्षे डॅलस काउंटी व्होटर्स लीगमार्फत लोकांना अर्ज भरायला शिकवत होते. 1963 च्या सुरुवातीला ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचे बर्नार्ड आणि कोलिया लफाएट हे तरुण दांपत्य तिथे मुक्कामाला आले. 7 ऑक्टोबर 1963 रोजी साडेतीनशेच्या आसपास माणसे नोंदणीसाठी न्यायालयापुढे उन्हात रांग लावून उभी राहिली. रांगेतल्यांना खाणे आणि पाणी द्यायला गेलेल्या स्निकच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण करून अटक केली. या दिवसाला पडद्यावर जागा नाही. अमेलिया बॉइंटन आहेत, पण त्या किंग यांना घर आणि धीर देणाऱ्या म्हणून. स्निकचे जेम्स फोर्मन आणि जॉन लुईस आहेत, पण फोर्मन इथे हेका धरून बसलेला पोरगा वाटतो. आम्ही दोन वर्षे इथे राबतो आहोत आणि तुम्ही कॅमेरे घेऊन आलात, ही स्निकची तक्रार चित्रपटात ऐकू येते, पण मत्सरासारखी. प्रत्यक्षात तो कामाच्या पद्धतीविषयीचा मूलभूत मतभेद होता. स्निकची स्थापना 1960 मध्ये एला बेकर यांच्या पुढाकाराने झाली, आणि लोक खंबीर असतील तर त्यांना खंबीर नेता लागत नाही, ही बेकरबाईंची शिकवण तिच्या मुळाशी होती. किंग यांची संघटना एखाद्या ठिकाणी येऊन पेच निर्माण करी, देशाचे लक्ष वेधून घेई आणि कायदा पदरात पाडून पुढे जाई. स्निकचा कार्यकर्ता तिथेच राहत असे.

दोन्ही पद्धती लागतात, हे मान्य करायला हवे. पुलावरची दृश्ये त्या रात्री दूरचित्रवाणीवर दिसली नसती तर 6 ऑगस्ट 1965 रोजी मताधिकार कायद्यावर सही झाली नसती. त्या कायद्याने साक्षरतेच्या परीक्षा थांबवल्या आणि केंद्राचे नोंदणी अधिकारी थेट काउंटीत पाठवले. मिसिसिपीत नोंदलेल्या काळ्या मतदारांचे प्रमाण सात टक्क्यांच्याही खाली होते, ते 1967 पर्यंत साठ टक्क्यांच्या जवळ गेले. हा पराक्रम कायद्याचा आहे. पण हाती आलेल्या मताचे करायचे काय, हे कायदा सांगत नाही. ती गोष्ट माँटगोमेरीला संपत नाही, तिथे सुरू होते.

रस्त्याच्या कडेची काउंटी

सेल्माहून माँटगोमेरीला जाणारा महामार्ग 80 लाउंड्स काउंटीतून जातो. ‘सेल्मा’त हा पल्ला काही क्षणांत सरतो. पोलार्ड आणि गंधभीर यांचा माहितीपट नेमका तिथे थांबतो. काउंटीतली ऐंशी टक्के वस्ती काळी, आणि 1965 च्या आरंभी नोंदलेला काळा मतदार एकही नाही. उलट नोंदलेल्या गोऱ्या मतदारांची संख्या गोऱ्या प्रौढांच्या संख्येहून जास्त. जमीन मूठभर गोऱ्या कुटुंबांकडे, बाकीचे अर्धेलीने शेती कसणारे.

स्निकच्या कार्यकर्त्यांचा एक संघटना म्हणून त्या मोर्चाला विरोध होता. पण स्टोकली कारमायकल मोर्चाबरोबर लाउंड्समध्ये शिरले आणि मोर्चा पाहायला रस्त्याच्या कडेला आलेल्या स्थानिक लोकांची नावे-पत्ते टिपून घेत राहिले. मोर्चा पुढे गेला, ते वही घेऊन परत आले. या कथेतली ही वही मला पुलाइतकीच महत्त्वाची वाटते.

पुढे जे झाले ते आपल्या तालुका पातळीवरच्या राजकारणाशी परिचित असलेल्या वाचकाला चटकन कळेल. जॉन ह्यूलेट यांच्यासारखी स्थानिक माणसे आधीच संघटित होऊ लागली होती. त्यांच्यापुढे प्रश्न आला : मत मिळाले, पण द्यायचे कोणाला? अलाबामातला डेमोक्रॅटिक पक्ष हा गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कर्ता होता. त्याचे चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्यावर तसे घोषवाक्यही छापलेले. शिवाय पक्षाने प्राथमिक फेरीत उभे राहण्याची फी 50 डॉलरवरून 500 वर नेली होती. स्निकच्या संशोधन विभागाने राज्याचे कायदे चाळून एक जुनी तरतूद शोधली : एका काउंटीपुरताही स्वतंत्र पक्ष काढता येतो, मात्र त्याला चिन्ह हवे. अटलांटातल्या एका काळ्या महाविद्यालयाच्या खेळाडूंचे बोधचिन्ह पँथर होते, ते समोर ठेवून चित्र काढले गेले. लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन असे पक्षाचे नाव ठेवले, लोक त्याला पँथर पार्टी म्हणू लागले.

या कामाची खरी श्रीमंती तपशिलांत आहे. शेरीफ काय करतो, करनिर्धारकाला कोणते अधिकार असतात, शाळा मंडळ पैसा कसा वाटते, हे सांगणाऱ्या सचित्र पुस्तिका छापल्या गेल्या आणि घराघरांत वाचल्या गेल्या. ज्यांना आजवर शेरीफची फक्त काठी माहीत होती, ती माणसे त्या पदाची कर्तव्ये शिकत होती, उद्या आपण तिथे बसू शकतो या हिशेबाने. 3 मे 1966 रोजी सुमारे नऊशे लोकांनी एका चर्चजवळ जमून आपले सात उमेदवार निवडले. करनिर्धारक पदाच्या उमेदवार अ‍ॅलिस मूर यांचा जाहीरनामा एका वाक्याचा होता : श्रीमंतांवर कर बसवीन, गरिबांना खाऊ घालीन.

त्याची किंमत माहितीपट लपवत नाही. ऑगस्ट 1965 मध्ये जोनाथन डॅनियल्स हा गोरा धर्मशास्त्राचा विद्यार्थी हेनव्हिल गावात गोळी लागून मेला. गोळी रूबी सेल्स या काळ्या तरुणीवर रोखलेली होती, तो मध्ये पडला. गोळी झाडणारा निर्दोष सुटला. नाव नोंदवणाऱ्या कुटुंबांना मळ्यांवरून हाकलले गेले, तेव्हा महामार्गाच्या कडेला तंबू उभारून ती तिथे राहिली. नोव्हेंबर 1966 मध्ये पँथरचे सातही उमेदवार हरले.

या माहितीपटाचे मोठेपण असे की तो या पराभवाला शोकांतिका करत नाही. त्यात कारमायकल आहेत, पण कॅमेरा गावकऱ्यांच्या आणि तेव्हाच्या कार्यकर्त्यांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यांवर अधिक काळ थांबतो. पोलार्ड ‘आइज ऑन द प्राइझ’च्या दुसऱ्या पर्वात काम केलेले, आणि इथे ते त्या मालिकेतलीच एक फट बुजवत आहेत असे मला वाटते. 1987 चे पहिले सहा भाग 1965 साली माँटगोमेरीला संपतात. लाउंड्स येते ते 1990 च्या दुसऱ्या पर्वात, माल्कम एक्स आणि ब्लॅक पॉवरच्या शेजारी. मालिका दोन पर्वांत विभागली गेली म्हणून इतिहासही दोन खोल्यांत विभागला गेला : एका खोलीत शांत, सुसंस्कृत मताधिकार, दुसरीत संताप. लाउंड्सचा दाखला सांगतो की ही भिंत खोटी आहे. ब्लॅक पॉवर ही घोषणा होण्याआधी ती मतदारयादीतली बेरीज होती. ऐंशी टक्के लोकांनी आपला शेरीफ आपण निवडावा, याला बंडखोरी म्हणावे लागले, यातच त्या काळाची ओळख आहे.

माझी एक तक्रार मात्र आहे. नंतरच्या अर्धशतकाला माहितीपट फार थोडा वेळ देतो. जॉन ह्यूलेट 1970 मध्ये त्याच काउंटीचे शेरीफ झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. पण तोवर पँथर पक्ष दुसऱ्या एका पक्षात विलीन झाला होता, आणि इतिहासकार हसन क्वामे जेफ्रीज यांनी ‘ब्लडी लाउंड्स’ या पुस्तकात दाखवले आहे त्याप्रमाणे सामूहिक निर्णयाची ती पद्धत हळूहळू मावळून नेहमीचे राजकारण परत आले. जमिनीची मालकी बदलली नाही. लाउंड्समध्ये आजही असंख्य घरांना धड मलनिस्सारण नाही. अंकुशकृमी, म्हणजे गरिबीचा म्हणून ओळखला जाणारा रोग, तिथे अजून आहे असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. 2023 मध्ये केंद्रीय न्यायखात्याने याबाबत राज्याशी केलेला करार नव्या सरकारने एप्रिल 2025 मध्ये रद्द केला. मताने शेरीफ बदलतो, जमिनीखालची नळी मात्र आपोआप येत नाही. हा प्रश्न माहितीपटाने अधिक नेटाने विचारायला हवा होता.

2013 नंतर

25 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ या खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी मताधिकार कायद्याचा कणा काढून घेतला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची संमती घ्यावी, अशी तरतूद होती. ती कोणाला लागू करायची हे ठरवणारे सूत्र कालबाह्य ठरवले गेले. शेल्बी काउंटीही अलाबामातलीच. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात छत्रीचा दृष्टांत दिला : भर पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. दीड वर्षाने ‘सेल्मा’ प्रदर्शित झाला. त्याच्या गीताला ऑस्कर मिळाले, तेव्हा गायक जॉन लेजंड यांनी व्यासपीठावरून या निकालाकडे बोट दाखवले. चित्रपटाला जे सुचले नाही ते गायकाला सुचले.

‘ऑल इन’ हा माहितीपट इथून पुढची गोष्ट सांगतो, जॉर्जियातल्या स्टेसी एब्रम्स यांना मध्यभागी ठेवून. 2018 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्या सुमारे 55,000 मतांनी हरल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी ब्रायन केम्प हेच राज्याचे निवडणूक प्रमुखही होते. नोंदणी अर्ज अडकून पडणे, नावे वगळणे, केंद्रे बंद होणे हे सारे माहितीपट नीट मांडतो, आणि पुनर्रचनेच्या काळापासूनचा धागा इतिहासकार कॅरल अँडरसन यांच्याकडून स्पष्ट करून घेतो. अभ्यासाच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे. पण एब्रम्स या माहितीपटाच्या नायिका आहेत, तशाच निर्मात्यांपैकी एकही आहेत. त्यामुळे पडद्यावर त्यांना अडचणीचा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यांच्या संघटनेने दाखल केलेला खटला 2022 मध्ये संघराज्य न्यायालयात सर्व मुद्द्यांवर हरला. त्यांनीच स्थापलेल्या नोंदणी संस्थेला 2025 मध्ये निवडणूक खर्च दडवल्याबद्दल तीन लाख डॉलरचा दंड भरावा लागला. या घटना माहितीपटानंतरच्या आहेत, म्हणून त्यांचा दोष दिग्दर्शिकांवर येत नाही. पण चळवळ एका व्यक्तीच्या चेहऱ्यावर उभी केली की त्या व्यक्तीचा पराभव चळवळीचा पराभव ठरतो, हे त्यांना आधी दिसायला हवे होते. एला बेकरबाईंनी 1960 मध्ये हेच सांगितले होते.

याउलट उदाहरण फ्लोरिडाचे आहे. तिथे शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांना मताधिकार परत मिळावा म्हणून, स्वतः तुरुंग पाहिलेले डेस्मंड मीड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे सह्या गोळा करत फिरले. दोन्ही पक्षांच्या मतदारांच्या दारात गेले. 2018 मध्ये 64 टक्क्यांहून अधिक मतांनी घटनादुरुस्ती मंजूर झाली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दंड आणि शुल्क फेडण्याची अट घातली, आणि 2020 मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. डोईपट्टी नव्या नावाने परत आली, असे विरोधकांनी म्हटले. मलाही ते पटते. तरी त्या सह्यांची मोहीम वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण ती कोणा एकाच्या नावावर नव्हती.

2021 च्या मार्चमध्ये जॉर्जियाने नवा निवडणूक कायदा केला. मतदान केंद्राच्या 150 फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कार्यकर्त्यांनी खाणे किंवा पाणी देणे त्यात गुन्हा ठरले. समर्थकांचे म्हणणे असे की आमिषाला आळा घालायचा आहे आणि केंद्रातले कर्मचारी पाण्याची सोय करू शकतात. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण 7 ऑक्टोबर 1963 रोजी सेल्माच्या रांगेत पाणी घेऊन गेलेल्या पोरांची हकिकत ज्याला माहीत आहे, तो हे कलम वेगळ्या डोळ्यांनी वाचेल. आणि ती हकिकत माहीत नसण्याचे एक कारण हे की पडद्याने आपल्याला पूल दाखवला, रांग दाखवली नाही.

दर मार्चमध्ये नेते सेल्माला जातात आणि हातात हात घालून तो पूल ओलांडतात. जॉन लुईस 2020 मध्ये वारले, त्यांच्या नावाचे मताधिकार विधेयक 2021 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडले. पूल ओलांडणे सोपे झाले आहे, कारण त्यावर आता कोणी अडवत नाही. चित्रपट, स्मारके आणि वार्षिक सोहळे चळवळीच्या सर्वांत दृश्य क्षणाला जपतात आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे नीरस, लांबलचक काम विसरायला लावतात, हा दोष एकट्या अमेरिकेचा नाही. म्हणून पोलार्ड आणि गंधभीर यांचा माहितीपट मराठी प्रेक्षकाने आवर्जून पाहावा. पँथरची डरकाळी आपण ऐकलेली आहे. शेरीफच्या कर्तव्यांची पुस्तिका घेऊन कंदिलाखाली बसलेली माणसेही त्याच पँथरची होती, ही ओळख अजून व्हायची आहे.